विंडोज ११वर लाइव्ह मेल २०१२: चालवायचं की सोडायचं?

काळबादेवी_बॅकऑफिस
विंडोज १०ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. फोर्ट, काळबादेवी, मस्जिद बंदरच्या छोट्या ऑफिसांत टेबलावर मशीन नवं आलं, पण स्टाफला मेल विंडोज लाइव्ह मेलमध्येच हवं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या जुन्या, मशीनवर बसवायच्या मेल प्रोग्रॅममध्ये. पार्टीगणिक एक फोल्डर, हाताला बसलेली सवय. माझं मत: नीट बसवलं तर अजून चालतं, आणि चालतंय तोवर चालवावं.

मायक्रोसॉफ्टने १० जानेवारी २०१७ला लाइव्ह मेलचा सपोर्ट थांबवला, डाउनलोडही काढलं. त्यामुळे छोट्या वेब-इन्स्टॉलरचा उपयोग नाही. पूर्ण फाइल लागते, तिच्या नावात ‘ऑल’ असतं. कुठूनही मिळवली तरी आधी राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स. तिथे मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन दिसलं नाही तर ती फाइल उघडूच नका. इन्स्टॉल करताना सगळं न घेता फक्त मेल निवडा.

जीमेलने ३० मे २०२२पासून अशा प्रोग्रॅमना नेहमीचा पासवर्ड घेणं बंद केलं. गूगल खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, मग १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड (अशा प्रोग्रॅमसाठीचा वेगळा पासवर्ड) काढा आणि पासवर्डच्या रकान्यात तोच टाका. आयमॅपला (मेल घेण्याची पद्धत) पोर्ट ९९३, एसएमटीपीला (मेल पाठवण्याची) ४६५, दोन्हीकडे एसएसएलची टिक, आणि आउटगोइंगला ‘रिक्वायर्स ऑथेंटिकेशन’. ही शेवटची टिक राहिली की मेल येतं पण जात नाही.

फोटो पाठवताना ०एक्स८००७००७ए ही एरर आली तर दोष नव्या विंडोजचा नाही. प्रोग्रॅम फोटोचा अल्बम करून ऑनलाइन चढवायला जातो, आणि ती सेवा आता नाही. ‘अटॅच फाइल’ने साधी फाइल जोडा, जाते.

सुरक्षेसाठी दोनच गोष्टी: बाहेरची चित्रं ब्लॉक, आणि ऑप्शन्समध्ये ‘रीड ऑल मेसेजेस इन प्लेन टेक्स्ट’, म्हणजे सजावट न दाखवता नुसता मजकूर.

परळ_सर्व्हररूम
असहमत. तुम्ही फक्त जीमेलचं गणित मांडलंत.

ऑफिसचं मेल मायक्रोसॉफ्ट ३६५वर असेल तर आयमॅप आणि पॉपला (मेल उतरवण्याची दुसरी पद्धत) नुसत्या पासवर्डने लॉगिन ऑक्टोबर २०२२पासून बंद व्हायला लागलं. आउटलुक डॉट कॉमच्या घरगुती खात्यांना १६ सप्टेंबर २०२४पासून बंद. तिथे ओऑथ (प्रोग्रॅमला पासवर्ड न देता परवानगी देण्याची लॉगिन पद्धत) लागतं, आणि लाइव्ह मेलला ओऑथ म्हणजे काय ते ठाऊकच नाही. सेटिंग कितीही फिरवा, पासवर्डची खिडकी पुन्हा पुन्हा उघडत राहणार. लोक पासवर्ड चुकला समजून बदलत बसतात. जीमेलवाल्यांनीही लक्षात ठेवा, मुख्य पासवर्ड बदललात की सगळे अ‍ॅप पासवर्ड आपोआप रद्द होतात.

सुरक्षेचंही अर्धंच सांगितलंत. लाइव्ह मेल एचटीएमएल (रंग, चित्रं, फॉन्टवालं मेल) दाखवायला विंडोजमधलंच इंटरनेट एक्सप्लोररचं जुनं इंजिन वापरतं. त्याला विंडोज अपडेटमधून दुरुस्त्या मिळतात, हे तुमच्या बाजूचं. पण अटॅचमेंट वाचणारा, फोल्डर सांभाळणारा स्वतः प्रोग्रॅमचा कोड २०१७पासून कोणी हात न लावलेला आहे. बिलाच्या पीडीएफची रोज ये-जा असलेल्या ऑफिसात मला ते पटत नाही.

आणि खरा घात ‘स्टोरेज फोल्डर्स’मध्ये होतो. आयमॅपच्या इनबॉक्समधून मेल उचलून तिथे टाकलं की ते सर्व्हरवरून उडतं आणि फक्त त्या मशीनच्या डिस्कवर राहतं. तुमचे ते पार्टीगणिक फोल्डर बहुतेक तिथेच असणार. जुनं मशीन भंगारात देण्याआधी कोणी बघितलं का?

काळबादेवी_बॅकऑफिस
३६५चा मुद्दा मान्य, त्या ऑफिसांनी नाद सोडावा. पण स्टोरेज फोल्डर्स हे प्रोग्रॅम सोडायचं कारण नाही, बॅकअप घ्यायचं कारण आहे. लोकल अ‍ॅपडेटा, मायक्रोसॉफ्ट, विंडोज लाइव्ह मेल हा अख्खा फोल्डर प्रोग्रॅम बंद करून कॉपी करा. आत प्रत्येक मेलची वेगळी ईएमएल फाइल असते. वीज गेली आणि इंडेक्स (मेलांची यादी ठेवणारी फाइल) बिघडला तरी ईएमएल शाबूत असतात, फाइल मेनूतून इम्पोर्ट करता येतात. थंडरबर्ड या दुसऱ्या फुकट मेल प्रोग्रॅममध्ये तर मुळात एका फोल्डरची मिळून एकच मोठी फाइल होते. ती खराब झाली तर?

पार्ल्याचा_पोस्टमन
दोघांचंही अर्धं बरोबर. लाइव्ह मेल ठेवा, पण ‘वर्क ऑफलाइन’ करून, फक्त जुनं वाचायला. नवं मेल थंडरबर्डमध्ये. जुनं तिकडे न्यायचं तर इम्पोर्टएक्सपोर्टटूल्स एनजी हे अ‍ॅड-ऑन टाका आणि ईएमएलचा फोल्डर सबफोल्डरांसकट आत घ्या. अ‍ॅड-ऑन तुमच्या थंडरबर्डच्या आवृत्तीचंच घ्या, नाहीतर बसत नाही.

कॉन्टॅक्ट्स सीएसव्ही (साध्या यादीची फाइल) करून न्याल तेव्हा आधी नोटपॅडमध्ये उघडा. देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर व्हीकार्ड या कॉन्टॅक्टच्या दुसऱ्या फाइल-प्रकारात काढा.

आता प्लेन टेक्स्टबद्दल. शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात लिहिलेली मराठी मेल्स असतील तर तो सल्ला अंगाशी येईल. त्या मेलमध्ये देवनागरी नसतेच. आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्टचा टॅग त्यांना मराठीचं रूप देतो. प्लेन टेक्स्ट लावलं की टॅग गेला, आणि सोसायटीच्या जुन्या सभेचं इतिवृत्त म्हणून समोर निव्वळ कचरा. नव्या मशीनवर फॉन्ट टाकायला विसरलात तरी तेच. आधी फॉन्ट, मग बाकी सगळं.

परळ_सर्व्हररूम
फॉन्टचा मुद्दा माझ्याही डोक्यात नव्हता, +१. ऑफलाइन ठेवायला माझी हरकत नाही. हरकत रोजच्या कामाला आहे.

दादर_टीटी
जुनं सगळं ओढून जीमेलवरच का टाकत नाही? जागा १५ जीबी फुकट आहे.

पार्ल्याचा_पोस्टमन
ती १५ जीबी ड्राइव्ह आणि फोटोंसकट धरून आहे. शिवाय जीमेलला आयमॅपने चढवायची मर्यादा दिवसाला ५०० एमबी आहे, उतरवायची २५०० एमबी. ६ जीबीचं दफ्तर म्हणजे किमान १२-१३ दिवस. एका दमात ओढलंत तर खातं काही वेळ अडकतं आणि चालू मेलही थांबतं. तेव्हा रात्री एकेक फोल्डर. त्याआधी जीमेलच्या लेबल्समध्ये ‘ऑल मेल’समोरची ‘शो इन आयमॅप’ची टिक काढा, नाहीतर प्रत्येक मेल दोनदा उतरेल आणि त्या २५०० एमबीतले निम्मे फुकट जातील.

काळबादेवी_बॅकऑफिस
‘ऑल मेल’ची टिक आजच काढून घ्या, मग लाइव्ह मेल ठेवणारे असा की सोडणारे. बाकी माझं मत तेच: जीमेल, अ‍ॅप पासवर्ड, आठवड्याला त्या फोल्डरची एक कॉपी पेनड्राइव्हवर. फक्त वनड्राइव्हच्या (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) फोल्डरात तो मेलचा साठा ठेवू नका. प्रोग्रॅम उघडा असताना सिंक सुरू झालं की इंडेक्सची फाइल अडकते.