शेंग आमच्या आजीची
कोणीतरी लिहिलंय की बायबलच्या गोष्टी मुलं आता कार्टूनमधूनच शिकतात, आजी-आजोबांची गरज उरली नाही. मला नाही पटत.

बडोद्यात आमची आजी थंडीत ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलायला बसवायची आणि उधळ्या पुत्राची गोष्ट काढायची: बापाचा पैसा उडवून घरी परतणारा मुलगा आणि त्याला धावत सामोरा जाणारा बाप. पैसे संपले, डुकरं राखायची पाळी आली, डुकरांच्या शेंगांवर पोट भरावंसं वाटू लागलं, इथवर आली की एक किडकी शेंग पुढे करायची, "ही खाशील?" बायबलात, लूकच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायात, शेंगा खरंच आहेत हे मला फार उशिरा कळलं. तोवर वाटायचं, हिनेच घुसडल्यात. (बाप मात्र खास तिचा. पागोटं सावरत धावणारा, पक्का गायकवाडी.)

इंग्रज पाद्री फादर थॉमस स्टीफन्स यांचं 1616 साली छापलेलं, बायबलची कथा मराठीत सांगणारं 'ख्रिस्तपुराण' ओव्यांतच आहे ना? पुराण ऐकायची सवय असलेल्या कानांना तीच चाल लागते.

माझी मुलगी गुजराती शाळेत जाते, मराठी तोडकंमोडकं. परवा धाकट्याला हीच गोष्ट सांगत होती. शेंग मटाराची होती, आणि धाकट्याने ती खाल्लीसुद्धा.