म्हाताऱ्या प्राण्याला निरोप द्यायचा दिवस तुम्ही कसा ठरवलात?

विश्रामबागची

परवा अनारशांचा गूळ मोजायचा म्हणून माळ्यावरचा जुना वजनकाटा काढला, तर त्याच्या खोक्यात घडी घातलेला एक कागद मिळाला. त्यावर तारखांपुढे माझ्याच अक्षरात आकडे होते : ४१२, ४०५, ३८८, आणि सर्वांत खाली २८६. हे आमच्या गोखरूचे ग्रॅममधले वजन. गूळ ओट्यावर तसाच राहिला आणि मी कागद घेऊन बसले.

गोखरू ही आफ्रिकन पिग्मी जातीची हेजहॉग, म्हणजे अंगभर काटे असलेला छोटा प्राणी होती. पुण्यातला माझा भाचा नोकरीसाठी परदेशी गेला तेव्हा तिचा पिंजरा ‘महिनाभरासाठी’ सांगलीला आला आणि साडेतीन वर्षे राहिला. नाव सासूबाईंनी ठेवले. हा प्राणी घरात साधारण चार ते सहा वर्षे जगतो, म्हणजे पाचव्या वर्षी ती म्हातारीच होती. आम्ही अंथरुणे घातली की ती उठायची आणि रात्रभर तिच्या चाकावर धावायची. चाकाचा कर्रकर्र आवाज शेजारच्या खोलीपर्यंत जायचा. तिचे सगळे आयुष्य आमच्या झोपेत चालायचे, त्यामुळे आजारही आमच्या झोपेतच सुरू झाला.

आधी ती खाद्याचा दाणा तोंडात घेऊन खाली टाकू लागली, मग हनुवटी सतत ओली दिसू लागली. इथल्या पशुवैद्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की त्यांनी हा प्राणी कधी हाताळलेला नाही. पुण्याला नेले. ती चेंडूसारखी मिटून बसायची, त्यामुळे तोंड पाहण्यासाठीसुद्धा भूल द्यावी लागली. जबड्यात गाठ होती. या वयात शस्त्रक्रियेने फारसे हाती लागणार नाही, ती खायची थांबेल त्या दिवशी घेऊन या, असे डॉक्टर म्हणाले.

अडचण अशी झाली की ती खायची थांबलीच नाही. मऊ केलेले अन्न बिनसुईच्या सिरिंजने दिले की दोन-तीन घास घ्यायची, आणि त्या दोन घासांवर मी रोज स्वतःची समजूत घालायचे. एके दिवशी माझा नववीतला मुलगा म्हणाला, ‘‘आई, तिचे चाक आठ दिवस वाजलेले नाही.’’ आठ दिवस मला शांत झोप लागत होती आणि ती का लागते, हे मी स्वतःला एकदाही विचारले नव्हते.

तरीही आम्ही लगेच गेलो नाही. गणपती तोंडावर होते, पाठोपाठ गौरी होत्या, घरात पाहुणे येणार होते. या कारणांनी अकरा दिवस गेले आणि तेवढ्यात तिचे वजन ३२० वरून २८६ वर आले. तिला त्या अकरा दिवसांचा काही उपयोग नव्हता, तो आम्हाला होता, हे मला अजून बोचते. शेवटी डॉक्टरांनी आधी भुलीचा वायू दिला आणि ती हळूहळू उलगडली. पोट वर, चारही पाय सैल, अशी ती साडेतीन वर्षांत कधी आमच्यासमोर पडली नव्हती. इंजेक्शन त्यानंतरचे.

तुम्ही कोणत्या खुणेवरून ठरवले? आणि तो दिवस लवकर आला असे वाटते की उशिरा?

मिरजेची मावशी

ताई, वाचून फार वाईट वाटले. एक शंका आहे, ती रागवल्याशिवाय ऐकावी. हेजहॉग म्हणजे आपले साळिंदरच ना? आमच्या मळ्यात साळिंदर भुईमूग उकरते, म्हणून विचारले.

विश्रामबागची

मावशी, आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा हेच विचारायचा, त्यामुळे राग नाही. साळिंदर उंदराच्या गणातले, मोठे, आणि त्याचे काटे सुटून पडतात. हेजहॉग ओंजळीत मावतो, किडे खातो आणि त्याचे काटे असे गळून पडत नाहीत. सासूबाईंनी पहिल्या आठवड्यात तिला मायेने बशीभर दूध दिले होते. या प्राण्यांना दूध पचत नाही. पुढचे दोन दिवस पिंजरा कसा धुतला, ते इथे लिहीत नाही.

कराडकर

आमचा लॅब्रॅडोर तेरा वर्षांचा होता आणि त्याची मूत्रपिंडे निकामी झाली होती. डॉक्टर एक दिवसाआड घरी येऊन कातडीखाली सलाइन द्यायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितले की याला आवडणाऱ्या तीन गोष्टी आत्ताच लिहून ठेवा, नंतर तुमची नजर बदलेल. मी लिहिले : प्रीतिसंगमावर फिरायला जाणे, कोणाचीही मोटारसायकल थांबली की फाटकापर्यंत धावणे, आणि भाकरीचा पापुद्रा. पहिल्या दोन गोष्टी पावसाळ्यातच गेल्या. पापुद्रा मात्र तो शेवटपर्यंत घ्यायचा, आणि ‘एक तरी उरली आहे’ असे म्हणत मी तीन आठवडे काढले. मग एकदा त्याने पापुद्रा घेतला आणि तोंडात तसाच धरून माझ्याकडे पाहत राहिला. तो माझ्यासाठी खात होता, असा माझा समज झाला. तो चुकीचाही असेल, पण मी फोन त्याच संध्याकाळी केला. उशीर झाला होता.

माणदेशी

आमचा अनुभव पाळीव म्हणता येईल अशा छोट्या प्राण्याचा नाही, तरी लिहितो. खिलार बैल होता, अण्णांनी वासरू असल्यापासून वाढवलेला. २०१२-१३ चा दुष्काळ त्याने आमच्याबरोबर चारा छावणीत काढला. पुढे काही वर्षांनी, बेंदराच्या आधी दहा-बारा दिवस, तो बसला आणि उठेना. बसलेले एवढे जनावर दर काही तासांनी कुशीवर पालटावे लागते, नाहीतर त्याच्याच वजनाने खालच्या पायाचे स्नायू निकामी होतात. त्याला चार माणसे लागतात, आणि रात्री दोन वाजता चार माणसे जमत नाहीत. डॉक्टरांनी अण्णांना बाजूला घेऊन सांगितले की आता याला सोडवणे हीच दया आहे. अण्णा म्हणाले, ‘‘बेंदराला उठंल त्यो.’’ बेंदराला आम्ही त्याची शिंगे बसल्या जागीच रंगवली. पुरणपोळी पुढे केली, तर त्याने पुरण तेवढे चाटले. त्यानंतर आणखी पाच दिवसांनी तो आपसूक गेला, तोवर कुशीला जखमा झालेल्या होत्या. अण्णांना मी दोष देत नाही, कारण ज्याच्या मानेवर जू ठेवून घर उभे राहिले त्याला सुई टोचायला ‘हो’ म्हणणे त्यांच्या पिढीला जमणारे नव्हते. पण त्या जखमा मी धुतल्या आहेत, आणि माझ्यावर वेळ आली तर मी बेंदराची वाट पाहणार नाही.

कराडकर

दादा, तुमचे वाचल्यावर माझा पापुद्रा फारच किरकोळ वाटू लागला.

माणदेशी

तसे म्हणू नका. तुमच्याकडे एकच माणूस होता, आमच्याकडे निदान सहा जण रडायला होते.

शिरवळला शिकलेला

मी पशुवैद्य आहे, शिक्षण शिरवळच्या महाविद्यालयात झाले आणि सध्या सातारा जिल्ह्यातच काम करतो. ‘खायचे थांबले की आणा’ हे आम्ही सर्रास सांगतो, पण विश्रामबागच्या ताईंना आला तोच अनुभव अनेकांना येतो. भूक ही फसवी खूण आहे, कारण काही प्राणी शेवटच्या दिवसापर्यंत खातात. अमेरिकेतील पशुवैद्य अॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ साली कुत्र्या-मांजरांसाठी सात मुद्द्यांची एक मोजपट्टी मांडली : वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येक मुद्द्याला दहापैकी गुण द्यायचे आणि बेरीज ३५ च्या वर असेल तर जगणे सुसह्य मानायचे. मी घरच्यांना सांगतो की दोघांनी वेगवेगळे गुण द्यावेत, एकमेकांना न दाखवता. नवऱ्याचे ४४ आणि बायकोचे २३ आले, तर प्राण्याला रोज कोण पुसून घेते, हे मला न विचारता कळते.

हेजहॉगविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. थंडीत हा प्राणी गारठून निपचित पडतो, श्वास मंदावतो, आणि घरच्यांना तो संपला असे वाटते. डिसेंबरच्या पहाटे असे झाले तर आधी त्याला अंगाशी धरून सावकाश ऊब द्यावी आणि लगेच डॉक्टरांना दाखवावे. निरोपाचा विचार त्यानंतर. आणि वेदना होत आहेत म्हणून घरातल्या माणसांच्या गोळ्या कोणत्याही प्राण्याला देऊ नयेत. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीही मारक ठरू शकते.

यवतेश्वरच्या पायथ्याशी

डॉक्टर, गोळीचे वाक्य वाचून मी बराच वेळ फोन खाली ठेवला होता. आमच्या मांजरीबाबत २००९ मध्ये हेच झाले. तेव्हा कोणी सांगितले नव्हते. याहून अधिक लिहवत नाही.

शिरवळला शिकलेला

ताई, त्या काळी मी शिकत होतो आणि माझ्या स्वतःच्या आईनेही शेजारच्या मांजराला तीच गोळी देऊ केली होती. मी सुट्टीला घरी होतो, एवढाच फरक.

गावभाग

आमची कथा उलट आहे. आमची कुत्री चौदा वर्षांची, कानांनी बहिरी आणि मागच्या पायांनी अधू होती. ऑगस्ट २०१९ च्या दुसऱ्या आठवड्यातला एक दिवस आम्ही डॉक्टरांशी बोलून ठरवला होता. त्याआधीच कृष्णा आली. सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि आम्ही तिला चादरीत गुंडाळून बोटीतून बाहेर काढले. बोटीवरचा जवान म्हणाला, ‘‘आजी आहे का?’’ आणि जागा करून दिली. आम्ही जतला नणंदेकडे गेलो. तिथल्या कोरड्या हवेने म्हणा किंवा नणंदेच्या हातच्या बाजरीच्या भाकरीने म्हणा, ती दुसऱ्या आठवड्यात अंगणभर लंगडत फिरू लागली आणि पुढे पाच महिने जगली. त्या पाच महिन्यांचा आनंद आहेच, पण त्यानंतर कोणताही दिवस ठरवताना माझा हात थरथरतो. जानेवारीत पुन्हा दिवस ठरवावा लागला तेव्हा मी तो तीनदा बदलला.

मिरजेची मावशी

जवानाचे ऐकून रडता रडता हसू आले. विश्रामबागच्या ताई, तो गूळ शेवटी मोजलात का? आणि चाकाचे काय केले?

विश्रामबागची

गूळ शेजारच्या काकूंच्या काट्यावर मोजला. चाक मुलाने स्वतःच्या खोलीत ठेवले आहे. मागे मी ते पुसून त्याला तेल घालायला निघाले, तर त्याने माझ्या हातातून काढून घेतले. तेल घातले तर ते वाजणार नाही, असे म्हणाला.