मदत हवी आहे : ज्येष्ठ पाहुण्यांना एका दिवसात बडोदे कसे दाखवावे?

सर्वांना सप्रेम नमस्कार. पुण्याहून माझी आत्या आणि तिचे यजमान ऑक्टोबरमध्ये बडोद्यास येत असून सकाळी उतरून रात्रीच्या गाडीने ते परतणार असल्यामुळे चांपानेर-पावागढचा विचार मी सोडून दिला आहे.

आत्याला चित्रकलेची मनापासून आवड आहे. त्यामुळे राजवाड्याच्या आवारातील फत्तेसिंगराव संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रे, कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे आणि तांबेकरवाड्यातील मराठा शैलीची, भिंती भरून टाकणारी एकोणिसाव्या शतकातील चित्रे, असा क्रम मी मनाशी योजला आहे. १८९० मध्ये पूर्ण झालेला लक्ष्मी विलास राजवाडा तर पाहायलाच हवा. मात्र काकांचे गुडघे दुखत असल्याने तेथे त्यांना किती चालावे लागेल, आणि तांबेकरवाड्याचे अरुंद जिने त्यांना झेपतील का, हे नुकतेच जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे. सयाजीबागेतील संग्रहालयातला देवमाशाचा सांगाडा व इजिप्तची ममी मला स्वतःला फार प्रिय. पण वेळ अपुरा पडल्यास तेच वगळावे लागेल, असे दिसते.

दुपारच्या उन्हात बंदिस्त जागी राहता यावे, या दृष्टीने राजवाडा सकाळी ठेवावा की दुपारी? रिक्षा दिवसभरासाठी ठरवणे सोयीचे पडेल, की प्रत्येक ठिकाणी नवी करावी? शिवाय, दोघांनाही तिखट सोसत नसल्यामुळे, मागितल्यास बेताच्या तिखटाची शेव-उसळ कोठे मिळते, तेही कळवावे.