लेकीला बीएमएक्स रेसिंगला (छोट्या सायकलींची उंचवट्यांच्या ट्रॅकवरची शर्यत) घालावं का?

आम्ही मँचेस्टरला असतो. लेक सात वर्षांची. टोकियो ऑलिंपिकमधली ब्रिटनच्या बेथ श्रीव्हरची सुवर्णपदकाची रेस पाहून वेडी झालीय. सायकल घेऊ का? सासूबाई म्हणतात, दात पाडून घेईल!

↳ एवढ्यात नका घेऊ, आधी क्लबची वापरून बघा. तोंड झाकणारं हेल्मेट, हातमोजे, फुल पँट मात्र हवंच. माझा मुलगा पहिले दोन शनिवार सुरुवातीच्या गेटवरच रडला. रेस सुटताना चाकापुढची फळी धाडकन पडते ना! शेवटी चाळिशीत मीच २० इंची सायकलवर बसले आणि पहिल्याच उंचवट्यावर आपटले. तो पोट धरून हसला नि निघाला.

↳ सासूबाईंनाही न्या. रेस जेमतेम ४० सेकंदांची, पुढच्या पाळीची वाट मात्र तासभर. डबा भरपूर घ्या.

↳ आमच्या आजी आता कुंपणाला टेकून "मार पेडल!" ओरडतात :)