अनुभव धागा : छोट्या गाड्या जुळवणारे आणि जुन्या गाड्या ढकलणारे

चोक_ओढलाय

काल माळा आवरायला घेतला. आवरला नाही, कारण खोबरेल तेलाचा एक जुना पत्र्याचा डबा सापडला. आत बाबांचे झिजलेले काँटॅक्ट पॉइंट, दोन प्लग, पॉलिश पेपरचा तुकडा. आणि डब्याखाली दबलेलं, प्लास्टिकची छोटी गाडी जुळवायचं माझं अर्धवट किट. तामिया ही जपानी कंपनी, १:२४ प्रमाण, मॉरिस मिनी कूपर. तिथेच शिडीवर बसून राहिलो.

१९८६-८७ची गोष्ट. आम्ही नौपाड्यात. आतेभाऊ जहाजावर होता, त्याने सिंगापूरहून ते किट आणलं. मी नववीत. बॉनेट उघडतं, आत इंजिन. प्लगच्या वायरी किटमध्ये नव्हत्या, म्हणून जळलेल्या ट्रान्सफॉर्मरची तांब्याची तार काढून मी स्वतःच्या अकलेने चार वायरी लावल्या. फार खूश होतो. संध्याकाळी बाबा कारखान्यातून आले, चष्मा कपाळावरून खाली घेतला, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "सुरू होणार नाही."

सिलिंडरमध्ये ठिणगी ज्या क्रमाने पडते तो क्रम चुकला होता; मी एक-दोन-तीन-चार अशा ओळीने वायरी लावल्या होत्या. "एक-तीन-चार-दोन," बाबा म्हणाले, आणि जेवायला बसले.

रविवारी आमच्या प्रीमियर पद्मिनी गाडीची डिस्ट्रिब्युटर कॅप (जिथून प्लगच्या वायरी निघतात) उघडून दाखवली. तोच क्रम. पण त्याच दिवशी त्यांनी दुसरी चूकही काढली : "इंजिन आडवं बसवलंयस. इंजिन उभं असतं." मी बॉक्सवरचं चित्र दाखवलं, ऐकायला तयार नाहीत. जपान्यांना काय कळतंय, हे वाक्यही झालं. मग समोरच्या वाड्यातल्या डॉक्टरांनी नवी मारुती घेतली. बाबा बघायला गेले, बॉनेट उघडलं. इंजिन आडवं. परत आले, काही बोलले नाहीत. रात्री मिनी हातात घेऊन बराच वेळ बसले होते.

पद्मिनी १९९७ला विकली. आता माझ्याकडे १९९८ची कार्बोरेटरवाली मारुती ८०० आहे. २०२३मध्ये तिसऱ्यांदा नोंदणी वाढवून घेतली. आधीची फी ६००, या वेळी ५०००. बायको म्हणाली, गाडीच्या किमतीत फी भरतोयस.

तर लिहा. किट असो, खरी गाडी असो. विषयांतर चालेल, भांडण नको.

टपेट_सेटिंग

पहिला!!

८००ला तीनच सिलिंडर, १-३-२. बाबांना चुका काढायला एक वायर कमी पडली असती.

वर्तकनगरी

ओला पंचा. बास, एवढंच लिहून थांबलो तरी जुन्या लोकांना कळेल.

नाही थांबत. मे महिना, मावसबहिणीचं लग्न वसईला, गाडीत सात जण आणि रुखवताचा अर्धा भाग. घोडबंदर रोडने निघालो. गायमुखच्या चढाला गाडीने मान टाकली. इंजिन तापलं की पेट्रोलची पंपातच वाफ होते आणि पंप नुसती हवा ढकलत बसतो. आजोबा शांतपणे उतरले, खांद्यावरचा पंचा आजीच्या फिरकीच्या तांब्यातल्या पाण्यात भिजवला आणि पेट्रोल पंपावर गुंडाळला (गाडीतल्या पंपावर, रस्त्यावरच्या नव्हे). दहा मिनिटांत चालू. हे तीनदा झालं. चौथ्यांदा पाणी संपलं तेव्हा रुखवतातलं कोकम सरबत वापरायचं की नाही यावर आजी-आजोबांचं जे काही झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मुहूर्त गाठला. पंचा आहेराच्या वेळीही आजोबांच्या खांद्यावर होता, पेट्रोलचा वास येत होता.

अर्धा_कप

वर्तकनगरी, हाहाहा. आमच्याकडे पेट्रोलच्या पाइपला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावायचे. सहा-सात. उपयोग होतो असं काका छातीठोक सांगायचे.

टपेट_सेटिंग

चिमट्यांनी काही होत नाही. गाडी थांबवून चिमटे लावेपर्यंत ती थंड होते, श्रेय चिमट्यांना.

अर्धा_कप

काकांसमोर बोलून दाखवा.

खाडीकाठची

मी स्वतः काही जुळवत नाही, जुळवणाऱ्याशी लग्न केलंय. नेरुळ, वन बीएचके. म्हणजे कल्पना करा.

लग्नानंतरचा पहिला जुलै. साहेबांनी काळी बीटल (किटची गाडी) रंगवायला घेतली, बाथरूममध्ये, एक्झॉस्ट पंखा लावून. सकाळी बघतो तर गाडीवर पांढुरकी साय. भाकरीवर पीठ राहावं तसं. मला वाटलं माझ्या टाल्कम पावडरीचा डबा सांडला, मी आधीच माफी मागून मोकळी! मग कळलं की लॅकर रंगातला थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, आणि हवेत दमटपणा असला की ओल त्यात धरते. नुसतं थिनर हलकंसं मारलं, तेही कोरड्या दिवशी, की बरंच निवळतं. कोरडा दिवस नेरुळला जुलैत कुठून आणणार? ती बीटल ऑक्टोबरपर्यंत फ्रिजवर तशीच होती. सासूबाई रोज विचारायच्या, बुरशी आली का रे तुझ्या गाडीला.

आता आमच्या घरात नियम आहे. रंगकाम तुळशीच्या लग्नापासून होळीपर्यंत. पावसाळ्यात फक्त घासायचं : ४००चा पेपर, मग ८००, मग १०००. घासल्याची पांढरी पूड मात्र सगळीकडे. एकदा आमटीतसुद्धा.

मृगजळ_४३

धागा छान. कुणी नवीन हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवून घेतली का? एप्रिल २०१९च्या आधीच्या गाडीला लागते ती. वाशी-सानपाड्याकडे कुठे पटकन झालं ते सांगा.

सुट्टा_भाग

मृगजळ, मी घेतली. सकाळी पहिली वेळ घ्या, आणि जुन्या प्लेटचे गंजलेले स्क्रू आदल्या दिवशी घरीच सैल करून ठेवा. माझे तिथे तुटले, अर्धा तास त्यातच गेला.

आता मूळ विषय. माझीही ८००, २००२ची. दाराच्या आतल्या हँडलमागची प्लास्टिकची क्लिप तुटली. नखाएवढी वस्तू. कोपरखैरण्यातल्या गॅरेजवाल्याने सांगितलं, पूर्ण हँडल घ्या. हँडल राखाडी मिळालं, माझं आतलं काम बेज. एका शनिवारी ऑपेरा हाऊसला स्पेअर पार्टच्या दुकानांत गेलो, पुढच्या शनिवारी कुर्ल्याला सीएसटी रोडवर. तिथे एकाने क्लिपांनी भरलेली बादली समोर ठेवली, म्हणाला शोधा. दीड तास शोधल्या. बाकी सगळ्या गाड्यांच्या होत्या.

शेवटी किटची स्प्रू घेतली. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : किटचे भाग ज्या चौकटीला लागून येतात ती काडी. मेणबत्तीवर धरून ऊन करून ओढली की केसासारखी तार निघते, त्याच्या अँटेना करतात.) जाड काडी गरम करून वाकवली, कानशीने घासली, क्लिप तयार! बायकोला बोलावून दाखवली. शेजाऱ्यांना दाखवली. फेब्रुवारीत.

एप्रिलमध्ये वाशीच्या एपीएमसी बाजाराच्या आवारात गाडी उन्हात लावली होती. परत आलो तर दार आतून उघडेना. क्लिप मेणासारखी बसली होती.

टपेट_सेटिंग

स्टायरीन ते. बंद गाडीच्या उन्हात टिकत नाही. मोडक्या कंगव्याचं नायलॉन घ्यायचं होतं.

सुट्टा_भाग

कंगव्याचीच केली नंतर. चार वर्षं झाली, चालू आहे. फक्त सासरेबुवा कंगवा शोधत असतात.

वागळे_निवृत्त

सर्वांना नमस्कार. मी वागळे इस्टेटमध्ये ३१ वर्षे टूलरूमला होतो. परदेशी किट आमच्या ऐपतीबाहेरची होती, आणि पद्मिनीचे प्लास्टिक किट मला तरी कुठे दिसले नाही. म्हणून निवृत्तीनंतर पुठ्ठ्यापासून केली. १:२४ हे प्रमाण मला सोयीचे वाटते, कारण एका फुटाला बरोबर अर्धा इंच. पद्मिनीच्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर २३४० मिमी, त्यास २४ने भागता ९७.५ मिमी येते. हे एक माप बरोबर धरले की बाकी गाडी आपोआप त्याच्या भोवती उभी राहते. ते चुकले तर कितीही रंगवा, गाडी दुसऱ्याच कुणाची तरी वाटते.

पुठ्ठा भिंतीवरील कॅलेंडरच्या पाठीचा. काचा ओएचपीच्या पारदर्शक शीटच्या. हेडलाइट माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटातील फुगे कापून बसवले. सौ. म्हणतात, गाडी पूर्ण व्हावी म्हणून गोळ्या वेळेवर घेत होतात. त्यात तथ्य आहे.

रंग काळा-पिवळा केला आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली व मुंबईत टॅक्सीस २० वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३पासून त्या रस्त्यावरून कायमच्या गेल्या. त्या दिवशी मी मुद्दाम बघायला गेलो नाही. घरी बसून टपावरील कॅरियर पूर्ण केला. त्यास ४२ टाचण्या लागल्या.

खाडीकाठची

काका _/\_ फोटो हवाच.

चोक_ओढलाय

काका, फोटो!!

वागळे_निवृत्त

फोटो कसा चढवावा ते नातू आल्यावर विचारतो.

नवशिकी_आई

एक बाळबोध प्रश्न. मुलगा ११ वर्षांचा, वाढदिवसाला किट मागतोय. कोणतं घेऊ? मी त्याला एक आणून दिलं होतं, त्याने हाताने पिळून भाग तोडले आणि तो झटपट चिकटणारा गोंद काचांना लावला. दुसऱ्या दिवशी काचा दुधाळ. तो रडला, मग मीपण.

सुट्टा_भाग

ताई, रडू नका, सगळ्यांचं होतं. त्या गोंदाची वाफ काचेवर बसते. काचांना साधा पांढरा फेविकॉल, वाळला की पारदर्शक होतो. पहिलं किट बिनगोंदाचं, दाबून बसणारं घ्या. आणि किटपेक्षा आधी एक चांगला निपर (भाग कापायची छोटी पक्कड). नेलपॉलिश रिमूव्हरने डाग पुसू देऊ नका, त्यातल्या अ‍ॅसिटोनने प्लास्टिकच विरघळतं.

नवशिकी_आई

शेवटचं एक दिवस उशिरा सांगितलंत :(

कळवा_पूर्व

२६ जुलै २००५.

सोसायटीत पाणी आलं तेव्हा मी ऑफिसात अडकलेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी चालत घरी पोचलो. ८०० डॅशबोर्डपर्यंत बुडून वर आलेली, सीटवर एक मेलेला मासा. नवीन होती, तीन वर्षांची. माझा हात किल्लीकडे गेला होता. खालच्या मजल्यावरचे एक मिस्त्री लांबूनच ओरडले, "किल्ली लावू नका!" सिलिंडरमध्ये पाणी असताना फिरवली असती तर कनेक्टिंग रॉड वाकला असता, पाणी काही दाबलं जात नाही. त्यांनी प्लग काढले, हाताने इंजिन फिरवलं, पाण्याची पिचकारी उडाली. ऑइल तीनदा बदललं. तिसऱ्यांदाही ते चहाच्या रंगाचंच होतं. सीट गच्चीवर, सगळ्यांच्या गाद्यांच्या शेजारी.

त्यांच्या स्वतःच्या घरातलं सगळं गेलं होतं. पैसे घेतले नाहीत. मला ते तेव्हा नीट कळलंसुद्धा नाही, मी गाडीच बघत होतो.

किटचं सांगायचं राहिलं. माझी सात-आठ किटं कपाटाच्या खालच्या कप्प्यात. बॉक्सचा लगदा झाला, प्लास्टिकला काही झालं नाही. पण डिकल (गाडीवर लावायची नंबर-चित्रं) पाण्यानेच सुटतात ना, ते सगळे एकदम सुटले. पाणी उतरलं तसे जिथे जागा मिळाली तिथे चिकटले. रेसिंग कारचा एक लाल ७ आमच्या गोदरेजच्या कपाटाला आतून चिकटलाय. अजून आहे. घर बदललं, ऐरोलीला आलो, कपाट आलं, ७ आला.

वर्तकनगरी

.....

काय लिहू. तो ७ काढू नका.

अर्धा_कप

त्या मिस्त्रींचं पुढे?

कळवा_पूर्व

गावी गेले, चिपळूणकडे. गणपतीत फोन असतो. गाडीची चौकशी आधी, माझी नंतर.

मृगजळ_४३

प्लेटचं झालं, धन्यवाद सुट्टा_भाग. स्क्रू खरंच तुटला असता. आता दुसरा प्रश्न, माफ करा. ई२० (२० टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलचं जुन्या कार्बोरेटरवाल्या गाडीत काय करता?

टपेट_सेटिंग

जुने रबरी पाइप बदलून घ्या, इथेनॉलने ते फुगतात, तडकतात. पंपाचा डायफ्रामही बघून घ्या. आणि गाडी उभी ठेवू नका. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आपल्याकडे ओलीला तोटा नाही. आठवड्यातून एकदा पाम बीचला चक्कर.

खाडीकाठची

आमच्याकडे "गाडी उभी ठेवायची नाही" या नावाखाली दर रविवारी वडापाव खाऊन येणं होतं.

अर्धा_कप

उंदरांचं कुणी बोललंच नाही. आमच्या सोसायटीतल्या उंदरांनी माझ्या वायरिंगचं जेवण केलं. तंबाखूची पानं ठेवली बॉनेटमध्ये. वॉचमनने खाल्ली.

टपेट_सेटिंग

_वॉचमनने खाल्ली_ फुटलो.

चोक_ओढलाय

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. आज मिनीचा बॉक्स पूर्ण उघडला. डिकल पिवळे पडलेत. ते पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवलेत, उन्हाने पिवळेपणा उतरतो. बायकोने विचारलं हे काय, नजर लागू नये म्हणून का.

आणि त्या चार वायरी बघितल्या. एक-तीन-चार-दोन. मी कधी बदलल्या नव्हत्या, मला पक्कं आठवतंय, मी रागाने किट तसंच बंद केलं होतं. गाठीही माझ्या नाहीत. मी तार नुसती पिळायचो, या तर नीट सोल्डर केलेल्या आहेत.

वर्तकनगरी

बाबा!

वागळे_निवृत्त

सोल्डर त्या जाडीच्या तारेवर करणे सोपे नव्हे. वडिलांना माझा नमस्कार सांगावा, असल्यास.

नातू आला होता. फोटो चढवला आहे. दिसतो का?

खाडीकाठची

काका, दिसतोय, पण हे विजेचं बिल आहे.

वागळे_निवृत्त

अरेच्चा. अंतिम तारीख काय दिसते त्यावर?

खाडीकाठची

उद्याची.