399 ची कुर्ती की 800 ची? कमी बजेटमध्ये सस्टेनेबल कपडे खरंच जमतात का

सुईदोरा:
गेल्या दिवाळीत कपाट आवरताना सगळ्या कुर्त्या पलंगावर काढल्या, 23 निघाल्या आणि त्यातल्या नेहमी अंगावर चढणाऱ्या फक्त सात. बाकी सगळ्या सेलमधल्या, कुणाला गोळे आलेले, कुणी काखेत उसवलेली, कुणी पहिल्याच धुण्यात आटलेली. तेव्हाच ठरवलं की वर्षाला कपड्यांवर 6000 च्या वर खर्च नाही (पुण्यात भाडं भरून उरतं ते उरतं) आणि रेडीमेड कुर्ती बंद, कापड घेऊन शिवून घ्यायची.

हिशेब सांगते. साधं कॉटन 180 रुपये मीटर, अडीच मीटरचे 450, शिलाई 350, झाले 800. सेलमधली 399 ला मिळते, पण ती आठ-दहा धुण्यांत विटते आणि तीन वर्षांपूर्वी आईने शिवून घेतलेली मी अजून ऑफिसला घालते. टेलरला एवढंच सांगायचं की बाजूच्या शिवणीत दीड इंच मार्जिन ठेवा. सेलमधल्या कुर्तीला मार्जिनच नसतं, जरा वजन वाढलं की कुर्ती बाद.

राग याचा येतो की सस्टेनेबल, म्हणजे टिकणारं आणि निसर्गावर कमी भार टाकणारं, म्हटलं की लोक लगेच 4000 चा लिनेनचा ड्रेस दाखवतात. अहो आपल्याकडे आजीच्या लुगड्याची गोधडी व्हायची, गोधडी विरली की पायपुसणं, आणि जरा बरे कपडे बोहारणीला देऊन घरात पातेलं यायचं, हे सगळं पैसे नव्हते म्हणूनच होत होतं ना? माझं तर मत आहे की कमी पैशातच हे जास्त जमतं.

हिशेबी माणूस:
नाही पटलं. ज्याच्याकडे 800 रुपये एकरकमी आहेत त्याच्यासाठी हा हिशेब बरोबर आहे. माझी बहीण दुकानात सेल्सला आहे, 12 हजार पगार, दिवसभर उभं राहायचं आणि कपडे नीटनेटके हवेत. महिन्याच्या 20 तारखेला कुर्ती फाटली तर तिला 399 सुद्धा जड जातात. ती 250 वाली घेते आणि दोन महिने ढकलते. वर्षाचा खर्च यात जास्त होतो हे तिलाही कळतं, पण 20 तारखेला हातात असतं त्यातच भागवावं लागतं.

आणि टेलर आठ दिवस सांगून पंधरा दिवस लावतो, दोन चकरा, रिक्षाभाडं, हे तुमच्या 800 मध्ये कुठे धरलंय? आजीची गोधडी पण आजी दुपार-दुपार बसून हाताने शिवायची, त्या कष्टांचे पैसे तिला कुणीच दिले नाहीत.

चिपळूणची पावसाळी:
मुळात कॉटनच चांगलं हे कुणी ठरवलं? मी रोज एसटीने जाते, जुलैत कॉटनची कुर्ती तीन-तीन दिवस वाळत नाही, कुबट वास येतो, मग इस्त्री फिरवून वाळवायची. माझ्या दोन पॉलिस्टरच्या कुर्त्यांचा हा सहावा पावसाळा आहे. रात्री धुवायची, पंख्याखाली टाकायची, सकाळी तयार. पॉलिस्टर धुताना प्लास्टिकचे बारीक तंतू पाण्यात जातात हे माहितीये आणि त्याचं वाईट वाटतं. पण कॉटन तरी कुठे धुतल्या तांदळासारखं आहे? एका टीशर्टच्या कापसाला 2700 लिटर पाणी लागतं म्हणतात. आणि 2017 मध्ये यवतमाळला कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर गेले, ते विसरून कॉटनला शुद्ध म्हणणं मला तरी जमत नाही.

सुईदोरा:
2700 लिटर हा जगभराचा ढोबळ अंदाज आहे, विदर्भातला बहुतेक कापूस कोरडवाहू, पावसावरच येतो, त्यामुळे तो आकडा तसाच इकडे लावता येणार नाही. फवारणीचं मात्र पूर्ण मान्य. वर्ध्याच्या मगन संग्रहालयाची सेंद्रिय कापसाची, नैसर्गिक रंगांची खादी मी घेतलीये, पण माझ्या 6000 मध्ये ती वर्षाला एकच बसते. बाकी खादी 2 ऑक्टोबरनंतर सूट लागते तेव्हा घेते.

आणि सहा पावसाळे काढलेली कुर्ती टाकून कॉटनची आणा असं मी कधीच म्हणणार नाही! आहे ती शेवटपर्यंत वापरायची हेच तर मला म्हणायचंय. हिशेबी, 20 तारखेला फाटली तर ती दुरुस्त का नाही करून घ्यायची?

शिलाईवाली ताई:
दुरुस्तीबद्दल मी बोलते, 14 वर्षं घरी शिलाई करतेय. चेन बदलायचे 60 सांगितले की गिऱ्हाईक म्हणतं एवढ्यात नवीनच येईल. चेन 15 ची असते हो, पण जुनी उसवून शिवण न फाडता काढायला नवीन लावण्यापेक्षा जास्त वेळ जातो. रफू करणारे तर आमच्या भागात एकच चाचा उरलेत, त्यांना आता नीट दिसत नाही. आणि स्वस्तातल्या कुर्तीचे टाके लांब लांब, कापड विरळ, एकदा फाटलं की शिवायला धरतच नाही, त्यामुळे हिशेबींची बहीण माझ्याकडे आली तरी मी फार काही करू शकणार नाही.

टेलर उशीर करतो कारण सगळे दिवाळीच्या आठ दिवस आधी कापड घेऊन येतात. पितृपक्षात आणून द्या, मी चार दिवसांत देते.

तिसरा मजला:
बोहारणीचं म्हणाल तर आमच्या सोसायटीत वॉचमन तिला आतच सोडत नाही. संस्थांना फाटके कपडे नको असतात आणि ते बरोबरच आहे. पानिपतला जुन्या लोकरीच्या कपड्यांचं पुन्हा सूत काढून ब्लँकेट करतात, पण कॉटन-पॉलिस्टर मिक्स कापडातले धागे वेगळे काढणं फार अवघड, त्यामुळे घेतानाच विचार करायला लागतो. मी आता लेबल बघूनच घेते.

लूमवाला इचलकरंजी:
सगळे कमी घ्या, कमी घ्या म्हणतायत म्हणून लिहितोय. आमच्या घरचे आठ साधे लूम (कापड विणायचे यंत्रमाग) तीन वर्षांपूर्वी किलोच्या भावाने भंगारात गेले. सूत महाग, वीज महाग, कापडाला उठाव नाही. वडील अजून सकाळी सहाला उठून शेडमध्ये जाऊन बसतात, तिथे काही नाही तरी. शहरात खरेदी कमी झाली की पहिला मार आम्हाला बसतो. तुमच्या सस्टेनेबलमध्ये माणसं धरली आहेत का?

सुईदोरा:
वडिलांचं वाचून गलबलून आलं. पण दादा, 399 ची कुर्ती 399 लाच विकता यावी म्हणूनच तुमच्या कापडाचा भाव पाडतात ना?

लूमवाला इचलकरंजी:
पाडतात. पण ऑर्डर येते तेव्हा लूम चालतो. तुमची 800 ची कुर्ती वर्षाला तीन होणार, त्यावर आमची शिफ्ट निघत नाही. घ्यायचंच असेल तर चार-पाच जणींनी मिळून अख्खा तागा घ्या, सुट्ट्या मीटरपेक्षा भाव बराच खाली येतो आणि आमचाही माल एकदम उचलला जातो.

हिशेबी माणूस:
तागा ही गोष्ट मला पटली. बहिणीला फोन करून विचारलं, दुकानातल्या पाच जणी तयार आहेत, सगळ्यांना एकाच रंगाचं चालेल, उलट बरंच म्हणाल्या. अडलं ते शिलाईवर. पाच जणींना 350 प्रमाणे एकदम देणं जमणार नाही. ताईंनी कमी करावेत असं मी अजिबात म्हणणार नाही, त्यांनाही घर आहे. म्हणून माझं मत अजून तेच आहे, 12 हजारांत हे बसत नाही.

शिलाईवाली ताई:
350 मध्ये मला कमी करता येणार नाही. पण पाचही जणींचं कापड एकच असेल तर कटिंग एकदम होतं, माझा दिवस वाचतो. महिन्याला एकीची शिवू, पैसे त्या-त्या महिन्याला द्या. जिची कुर्ती सगळ्यात आधी फाटणार असेल तिचं माप पहिलं पाठवा.