५८००एक्स की ५८००एक्स३डी? माझ्या आकड्यांत एक्स३डी कुठेच पुढे नाही

बी५५०_वासी:
रायझन ७ ५८००एक्स आणि ५८००एक्स३डी हे दोन्ही प्रोसेसर हाताशी आहेत, त्यातला एकच ठेवायचा आहे. बाकी जुळणी तीच: बी५५० बोर्ड, डीडीआर४-३६०० च्या १६ जीबीच्या दोन स्टिक, आरटीएक्स ३०६० टीआय ग्राफिक्स कार्ड. आधी एक्सवर आकडे घेतले, मग प्रोसेसर काढून एक्स३डी बसवला आणि पुन्हा तेच.

सिनेबेंच आर२३ मल्टी (सगळ्या कोअरवर रेंडरची चाचणी): एक्स३डी साधारण ५ टक्के मागे.
सेव्हन-झिप कॉम्प्रेशन: एक्स३डी चांगलाच मागे.
गेम, १४४०पी अल्ट्रा: दोन्हीकडे ७४ एफपीएस (सेकंदाला फ्रेम).

वापर म्हणाल तर फ्लाइट सिम्युलेटर, फॅक्टोरिओ आणि अधूनमधून ब्लेंडर (३डी रेंडर). एक्स३डीचा एवढा गाजावाजा, मग तो इथे मार का खातोय?

कॅशेकर:
सिनेबेंचचा निकाल बरोबर आहे. दोन्हींत झेन ३ चे तेच ८ कोअर, १६ थ्रेड. एक्स३डीवर कोअरच्या चिपच्या डोक्यावर ६४ एमबी कॅशेची (प्रोसेसरमधल्याच झटपट मेमरीची) आणखी एक चिप बसवली आहे, म्हणून एल३ (सगळ्या कोअरची सामायिक कॅशे) ३२ ची ९६ एमबी होते. बदल्यात कमाल बूस्ट क्लॉक ४.७ वरून ४.५ गिगाहर्ट्झवर आणि बेस ३.८ वरून ३.४ वर उतरतो. सिनेबेंचचा बराचसा डेटा कोअरजवळच्या छोट्या कॅशेतच मावतो. त्याला एल३ ३२ दिली काय आणि ९६ दिली काय. मग उरतो फक्त क्लॉक, आणि ४.७ च्या जागी ४.५ म्हणजे ४ टक्क्यांहून जरा जास्त तोटा ठरलेलाच. ब्लेंडरचं सीपीयू रेंडरही याच माळेतलं.

गेमचा ७४ हा आकडा मात्र प्रोसेसरचा नाहीच, कार्डाचा आहे. आफ्टरबर्नरच्या ओव्हरलेत (गेमवर दिसणाऱ्या आकड्यांत) जीपीयूचा, म्हणजे कार्डाचा, वापर ९७-९९ टक्के दिसत असेल तर दोन्ही प्रोसेसर कार्डाची वाट बघत बसलेत. आणि "सीपीयू तर ३५ टक्केच वापरला जातोय, म्हणजे तो मोकळाच आहे" असं धरू नका. १६ थ्रेडपैकी एक काठोकाठ भरला तरी एकूण आकडा सव्वासहा टक्क्यांनीच हलतो, आणि गेम बहुतेक वेळा एका मुख्य थ्रेडवरच अडतो.

लेटन्सी_लक्षण:
मला सेव्हन-झिप खटकतंय. कॉम्प्रेशन करताना डिक्शनरीत (आधी आलेल्या डेटाच्या साठ्यात) सतत इकडून तिकडे उड्या पडतात, त्यामुळे क्लॉकपेक्षा मेमरीची लेटन्सी (डेटा हाती यायला लागणारा वेळ) जास्त नडते. मोठ्या कॅशेमुळे एक्स३डी निदान बरोबरीला तरी राहायला हवा. इतका मागे पडला म्हणजे रॅमच मंद चालतेय.

प्रोसेसर बदलला की बरेच बोर्ड बायोसची सेटिंग पुसून टाकतात. एक्सएमपी (रॅम तिच्या छापील वेगावर चालवणारी सेटिंग) बंद झालं की ३६०० ची स्टिक गपचूप २१३३ किंवा २६६६ वर चालते, आणि विंडोज त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. सीपीयू-झीच्या मेमरी टॅबमध्ये १८०० दिसायला हवं (तिथे निम्मा आकडा असतो). झेनटायमिंग्जमध्ये एमक्लॉक (रॅम), एफक्लॉक (प्रोसेसरमधली जोडणी) आणि यूक्लॉक (मेमरी कंट्रोलर) तिन्ही १८०० हवेत. यूक्लॉक ९०० दिसला तर मेमरी कंट्रोलर अर्ध्या वेगावर गेलाय, लेटन्सी वाढणारच. त्याच फेरीत रिसायझेबल बार आणि 'अबव्ह ४जी डीकोडिंग' (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम गाठू देणारी सेटिंग) हीही तपासा, तेही अनेकदा पुसलं जातं.

बी५५०_वासी:
१०६६! एक्सएमपी लावल्यावर सेव्हन-झिप बरोबरीला आलं. सिनेबेंच जवळपास तिथेच आहे. आता गेम कसे मोजू?

कॅशेकर:
सिनेबेंच हललं नाही यात नवल नाही, त्याला रॅमशीही फारसं देणंघेणं नाही.

गेमसाठी आधी कार्ड वाटेतून बाजूला काढा. रिझोल्यूशन १०८०पी किंवा ७२०पी, सावल्या आणि टेक्श्चर लो. पण दृश्याचं अंतर, गर्दी, ट्रॅफिक ही सेटिंग खाली आणू नका. प्रोसेसरवर भार त्यांचाच असतो. व्ही-सिंक आणि फ्रेम कॅप बंद. जीपीयूचा वापर ८०-८५ टक्क्यांच्या खाली आला की खरी तुलना सुरू.

पहिली फेरी टाकून द्या, शेडर आणि डिस्क कॅशे तेव्हा भरत असतात. पुढच्या तीन फेऱ्यांतला मधला आकडा घ्या. त्याच प्रोसेसरच्या तीन फेऱ्यांत जेवढी तफावत येते, तेवढाच फरक दोन प्रोसेसरांत दिसला तर तो फरक धरायचा नाही. सरासरीसोबत १ टक्का लो (सर्वात संथ १ टक्का फ्रेमचा वेग) नोंदवाच. कॅपफ्रेमएक्स दोन्ही देतं. एक्स३डीचा फायदा कित्येकदा तिथेच जास्त दिसतो.

फ्लाइट सिम्युलेटरमध्ये लाइव्ह हवामान आणि लाइव्ह ट्रॅफिक बंद करा, नाहीतर दर फेरीला आकाश वेगळं. तेच विमान, तीच वेळ, दाट शहरावरून ऑटोपायलटवर तीच रेघ. फॅक्टोरिओचं काम सोपं आहे: कमांड लाइनवरून सेव्ह फाइल ठरावीक टिकांसाठी (गेमच्या हिशेबाच्या पावलांसाठी) पूर्ण वेगाने चालवता येते, कार्डाचा संबंधच येत नाही. फक्त स्वतःचीच सेव्ह वापरा. छोटा कारखाना ९६ एमबीत बराचसा मावतो आणि एक्स३डी सुसाट सुटतो; अवाढव्य कारखाना कॅशेबाहेर सांडला की आघाडी घटते. जाहिरातीत आकडा कुठल्या नकाशाचा होता हे कोणी सांगत नाही.

रेंडर_रांग:
ब्लेंडरपायी एक्स ठेवणार असाल तर थांबा. सायकल्सचं (ब्लेंडरच्या रेंडर इंजिनाचं) रेंडर ३०६० टीआयवर ऑप्टिक्सने (एनव्हिडिया कार्डासाठीच्या पर्यायाने) करा, ते या दोन्ही प्रोसेसरांपेक्षा कितीतरी लवकर उरकतं, मग त्या ४ टक्क्यांचं काय घेऊन बसायचं? अडेल ते एकाच ठिकाणी: सीन कार्डाच्या ८ जीबीत मावला नाही तर. तुमच्या यादीवरून मी एक्स३डीच ठेवेन. रोजचं काम सीपीयू रेंडर किंवा व्हिडिओ एन्कोडिंग असतं तर उलट म्हटलं असतं.

लेटन्सी_लक्षण:
सहमत. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक्स३डीचा गुणक (ज्यावरून क्लॉक ठरतो तो) लॉक आहे आणि व्होल्टेजही खालीच रोखलंय, तेव्हा ओव्हरक्लॉक करून ४.७ गाठण्याचा विचार सोडा. दोन्हींची तापमानमर्यादा ९० अंश आहे, पण सगळ्या कोअरवर सतत भार असताना एक्स३डीचा क्लॉक घसरतोय का ते एचडब्ल्यूइन्फोत पाहा. घसरत असेल तर आधी कूलरचे स्क्रू आणि पेस्ट तपासा.

आणि आता पुन्हा अदलाबदल करणार, तर कूलर सरळ वर उपटू नका. या एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरलाच असतात. थंड पेस्ट इतकी घट्ट धरते की लिव्हर बंद असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटबाहेर येतो आणि कडेच्या पिना वाकतात. दहा मिनिटं सिनेबेंच चालवा, मशीन बंद करून प्लग काढा, स्क्रू सोडवून कूलर डावी-उजवीकडे थोडा थोडा फिरवा, सैल झाला की मगच उचला. बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्ह एन्क्रिप्शन) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी दुसरीकडे लिहून ठेवा. नव्या प्रोसेसरवर बोर्ड एफटीपीएम (बिटलॉकरची की जपणारी जागा) पुसू का असं विचारतो, आणि 'वाय' दाबल्यावर ती की नसेल तर ड्राइव्ह उघडत नाही.